जखमेची वरची कड

सायलेन्सरला पाय लागला तेव्हा माझ्या हातात दुधीभोपळा होता आणि तो कोवळा की जून यावरून माझी भाजीवाल्याशी हुज्जत चालली होती. सुरतेत, डिंडोलीच्या भाजीबाजारात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोटरसायकली इतक्या दाटीने लावतात की माणसाने अंग चोरूनच जायला हवं. अंग चोरायची मला सवय नाही. मी तावातावाने मागे सरकले आणि नुकत्याच येऊन थांबलेल्या एका गाडीचा सायलेन्सर उजव्या पोटरीला बाहेरच्या अंगाने लागला. गाडीवाला "सॉरी आंटी" म्हणाला आणि गेला. भाजण्यापेक्षा त्या आंटीचाच मला जास्त राग आला.

घरी येऊन मी त्यावर टूथपेस्ट लावली. सगळी हयात मुलांना विज्ञान शिकवण्यात गेली, भाजल्यावर फक्त गार पाणी ओतायचं हे फळ्यावर कितीदा लिहून दिलं, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा न्हाणीघरातली ट्यूब पिळून मोकळी झाले. फोड आला, फुटला, खालची जागा ओली राहिली. भरेल आपोआप म्हणून मी तिकडे काणाडोळा केला. माझ्या रक्तात साखर आहे. ती गोळ्यांना फारशी जुमानत नाही आणि गोळ्यांच्या वेळा मी फारशा जुमानत नाही. रुपयाएवढी जागा पसरत पुरीएवढी झाली तेव्हा कुठे मी दवाखान्याची पायरी चढले.

डॉक्टर तरुण, गुजराती, बोलायला गोड. पाय बघायच्या आधी त्याने माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"मासी, साथे कोण आव्युं छे?"

"आजे एकली ज आवी छुं," मी म्हणाले.

आजच एकटी आले आहे. म्हणजे एरवी माझ्यामागे माणसांची रांग असते, आज तेवढी ती कामात आहेत. हे मी इतक्या सहज बोलले की माझं मलाच कौतुक वाटलं. पुढे दर ड्रेसिंगला तो विचारायचा आणि दर वेळी मी तेच सांगायचे. काही दिवसांनी त्याने विचारणं सोडून दिलं. ते मला जास्त लागलं.

सोबत कोण असणार? नवरा कापड रंगवण्याच्या मिलमध्ये रंगमास्तर होता. लग्न करून अकोल्याहून त्याने मला सुरतेला आणलं. त्याच्या नखांच्या कडा कायम कुठल्या ना कुठल्या रंगाच्या असायच्या, आणि आज कोणता रंग चढवला हे मी जेवताना त्याच्या बोटांवरून ओळखायचे. काही वर्षांपूर्वी तो असाच एका दुपारी जेवता जेवता गेला, आणि त्या दिवशी नखं हिरवी होती. मूल झालं नाही. भाऊ अकोल्याला. लिंबायतच्या ज्या मराठी शाळेत मी शिकवलं, तिथले वर्ग वर्षागणिक रिकामे होत गेले. खानदेशातून लूमवर आलेल्यांची पोरं गुजराती नाहीतर इंग्रजी शाळेत जाऊ लागली. मी निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या सभेला मुलांपेक्षा शिक्षक जास्त होते. मला कुणाची गरज लागत नाही, असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले आणि सगळ्यांनी ते खरं मानलं. लोक भलते आज्ञाधारक असतात.

डॉक्टर म्हणाला, जखम भरेल पण वेळ लागेल. का लागेल ते त्याने सांगितलं नाही. मला कुणी अर्धवट सांगितलं की माझं डोकं फिरतं. घरी येऊन मी चष्मा पुसला आणि मोबाइलवर वाचत बसले.

वर्गात मी शिकवायचे की कातडी पेशींची बनलेली असते आणि पेशी म्हणजे भिंतीतल्या विटा. विटांच्या मध्ये काय असतं हे मी कधी शिकवलं नाही, कारण ते पुस्तकात नव्हतं आणि माझ्याही मनात कधी आलं नव्हतं. आता कळलं की सगळी गंमत तिथेच आहे. पेशीच्या अंगावर प्रथिनं असतात, त्यांचं कामच मुळी धरून ठेवायचं. एका जातीची प्रथिनं, कॅडहेरिन त्यांचं नाव, शेजारच्या पेशीला धरतात. या पेशीचं कॅडहेरिन आणि त्या पेशीचं कॅडहेरिन एकमेकांत अडकतात, आणि अशा असंख्य पकडींवर आपली कातडी तगून असते. दुसऱ्या जातीची, इंटिग्रिन, खालच्या थराला धरतात. म्हणजे प्रत्येक पेशीचा एक हात शेजारणीच्या हातात आणि पाय जमिनीत रोवलेले.

जखम झाली की कडेवरच्या पेशींना निघावं लागतं. रक्त गोठून खड्ड्यात एक तात्पुरती जमीन तयार झालेली असते. तिच्यात फायब्रोनेक्टिन नावाचं आणखी एक चिकट प्रथिन असतं. कडेची पेशी आपली जुनी पकड सैल करते, चपटी होते, त्या नव्या जमिनीला धरता येईल अशी वेगळी इंटिग्रिनं अंगावर आणते आणि सरकायला लागते. पुढे पकडायचं, मागचं सोडायचं. पकड फार घट्ट असेल तर जागची हलत नाही, फार ढिली असेल तर घसरते. मागच्या पेशींचा हात मात्र ती पुरता सोडत नाही. सगळ्या मिळून एखादी चादर ओढल्यासारख्या पुढे येतात. समोरच्या कडेनेही अशाच येत असतात. दोन्हीकडच्या एकमेकींना भिडल्या की कॅडहेरिन अडकतं आणि चालणं थांबतं. साखर वाढलेल्या अंगात ती तात्पुरती जमीनच कुरतडली जाते, म्हणून त्यांना पाय ठेवायला जागा मिळत नाही आणि वेळ लागतो. एवढंच त्या डॉक्टरने सांगितलं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं?

आणखी एक गोष्ट वाचली. जी पेशी सगळीकडून सुटते, जिला शेजार उरत नाही आणि जमीनही, ती पेशी मरते. तिला कुणी मारत नाही, तीच आतून स्वतःला संपवते. तसा तिच्यात हुकूमच असतो. हे वाचून मी मोबाइल पालथा ठेवला आणि चहा टाकला. विज्ञानातून बोध काढणाऱ्या बायाबापड्यांवर मी शाळेत असताना फार हसले आहे, त्यामुळे बोध वगैरे काही काढला नाही. चहात दूध घालायचं मात्र विसरले.

आता खालच्या बाईंबद्दल सांगायला हवं.

मी वरच्या मजल्यावर राहते, खाली भाडेकरू. त्या घरात एक माझ्याच वयाची बाई होती, धुळ्याकडची, कपाळावर गोंदलेली, मुलगा लूमवर, घरात सून. बाई दिवसभर ओट्यावर बसून साड्यांचे धागे कापायची. विणकामात बुट्टी उठवली की साडीच्या उलट्या बाजूला धागे लोंबत राहतात. ते एकेक कापून काढायचे, हे आमच्या भागातल्या बायकांचं घरबसल्याचं काम. सकाळी टेम्पोतून साड्यांचे पोटले, म्हणजे बांधलेले गठ्ठे, येतात, गल्लीतल्या ओट्याओट्यांवर कात्र्या चालतात, आणि दुपारपर्यंत सगळी गल्ली रंगीत धाग्यांच्या कचऱ्याने भरून जाते. निवृत्त झाल्यावर पहिल्या काही दुपारी मी वरून बघत उभी राहायचे. एक दिवस खालच्या बाईंनी मान वर करून हाक मारली.

"बाई, उभ्या काय? या, बठा."

मी गेले. हातात कात्री घेतली ती उगाच बसणं बरं दिसत नाही म्हणून. मग रोजच जाऊ लागले. माझ्या साड्या त्यांच्याच ढिगात जायच्या. त्या अहिराणी बोलायच्या, मी माझं शाळेतलं मराठी, आणि आमचं बोलणं साडीपलीकडे फारसं जायचं नाही. मी त्यांना ताई म्हणायचे, त्या मला बाई. पण दुपार टळायची. माझ्या घरात दुपार फार लांब असते.

त्यांनी मला काम शिकवलं, ते अगदी वाक्यात शिकवलं. "धागा दिसना का कापी टाकाना. इचार नही कराना." धागा दिसला की कापायचा, विचार करायचा नाही. विचार करत बसलं की हात मागे पडतो. काही महिन्यांत माझा अंगठा आणि पहिलं बोट असे तयार झाले की लोंबतं काही लागलं की ते आपोआप चिमटीत यायचं. रिक्षात पुढच्या बाईच्या पदराचा धागा मी ओढलेला आहे. तिने मागे वळून बघितलं तेव्हा मला कळलं.

जखम मात्र विचित्र वागत होती. भरायला लागली की दवाखान्यातला ड्रेसिंग करणारा भाऊ खूश होऊन सांगायचा, "मासी, देखो, गुलाबी आया." खालची कड पुढे यायची, दोन्ही बाजूंच्या यायच्या. वरची, गुडघ्याकडची कड मात्र येऊन येऊन मागे जायची. आज पातळ, मोत्यासारखी चकाकती पट्टी दिसावी आणि पुढच्या खेपेला तिथे पुन्हा लाल. त्याने पट्टी बदलून बघितली, चिकटणार नाही अशी मलमाची जाळी लावली, काढताना पाण्याने भिजवून काढली. "ये एक ही साइड से क्यों खुलता है?" असं तो माझ्या पायालाच विचारायचा.

शेवटी डॉक्टरने खुर्ची जवळ ओढली. आता मांडीची पातळ कातडी काढून इथे लावावी लागेल, मोठ्या दवाखान्यात राहावं लागेल, पाय अजिबात हलवायचा नाही, म्हणजे उठवायला-बसवायला माणूस पाहिजे. पुढच्या महिन्यापर्यंत वाट बघू. आणि मग इतके दिवस गिळून ठेवलेला प्रश्न त्याने पुन्हा विचारला. "साथे कोण रहेशे?"

"कहीश," मी म्हणाले. सांगते.

रिक्षातून घरी येईपर्यंत मी माणसं आठवत होते. शाळेतल्या बरोबरीच्या एक बाई मुलाकडे पुण्याला गेल्या. दुसऱ्या स्वतःच अंथरुणावर. भावाला फोन लावला. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, साखरेवरून रागावला, मग म्हणाला, "येतो ना मी. तू फक्त कळव." मागे वहिनीचा आवाज आला, कसल्यातरी पाहुण्यांच्या तारखांचा. "कळव हं," तो पुन्हा म्हणाला. भाऊ माझा वाईट नाही. पण हे "कळव" मी चांगलं ओळखते, कारण मीही ते पुष्कळांना म्हटलेलं आहे. फोन ठेवला आणि मी ठरवलं की जखम आपोआप भरली पाहिजे. मांडीच्या कातडीची मला भीती नव्हती. भीती होती ती कुणालातरी "माझ्यासोबत राहाल का" असं विचारायची. ते वाक्य मी आरशासमोर एकदा म्हणून बघितलं. जमलं नाही.

मग ती दुपार आली. त्या दिवशी साड्यांचे पोटले आलेच नव्हते, मिलला सुट्टी होती. सवयीने मी खाली ओट्यावर जाऊन बसले. खालच्या बाई तांदूळ निवडत होत्या. माझ्या मांडीवर साडी नव्हती आणि हातात कात्री नव्हती. गल्लीतून एक रिक्षा गेली, कुत्रं भुंकलं. आणि एकदम माझ्या मनगटावर फटका बसला.

"काय करी ऱ्हायनात बाई तुम्ही?"

मी खाली पाहिलं. माझा उजवा हात नेसत्या साडीच्या काठाखालून पट्टीच्या वरच्या टोकात शिरला होता. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत नखाएवढं पांढुरकं काहीतरी होतं. सुकून लोंबणारी कड. हाताला ती धाग्यासारखी लागली होती आणि हाताने तिचं जे करायचं ते केलं होतं. कितीदा केलं असेल कोण जाणे. दुखत नव्हतंच; साखरेने तिथली जाणीवही बोथट केली होती.

"नवं कातडं निंघेल शे, अन् तुम्ही तोडी ऱ्हायनात!" त्या ओरडल्या.

समोरच्या ओट्यावरच्या बायका बघायला लागल्या. आजवर ओरडणारी बाई मी होते. माझा तोल गेला. तुम्हीच लावली ही सवय, विचार करायचा नाही म्हणून तुम्हीच शिकवलं, असं मी काहीतरी भलतंच बोलले. मांडीची कातडी कापायला निघालेत ते, आणि सोबत कोण म्हणून विचारतात, असंही बोलून गेले.

"मंग? त्यामा काय?" त्यांनी विचारलं.

"मग काही नाही," मी म्हणाले आणि जिना चढून वर आले. दार लावून घेतलं.

त्यानंतर मी ओट्यावर गेले नाही. रागावले म्हणून नाही गेले असं मी स्वतःला सांगत होते, पण राग दुसऱ्या दिवशीच ओसरला होता. लाज वाटत होती. जिना उतरताना त्या ओट्यावर नसतील अशी वेळ बघायचे. त्याही वर आल्या नाहीत.

दारामागे मी आणि माझा उजवा हात, असे दोघंच उरलो. त्याच्यावर पहारा ठेवणं सोपं नव्हतं, कारण पहारा ठेवणारी दमली की तो निघायचा. पट्टीवर मी नवऱ्याचा जुना लोकरी मोजा, तळ कापून, गुडघ्यापर्यंत चढवला. मटार सोलले, लसूण सोलला, एकट्या बाईला वर्षभर पुरेल इतका. मग हातात पेन दिलं. हे लिहायला मी सुरुवात केली ती लेखिका व्हायच्या हौसेने केलेली नाही. उजवा हात कागदावर असला म्हणजे पायावर नसतो, एवढाच त्यामागे विचार होता.

आणि जखम भरत येऊ लागली. वरची कडसुद्धा. ड्रेसिंगच्या दिवशी मी मान वाकडी करून बघायचे. लाल जागा आक्रसत होती, तिच्याभोवती ती चकाकती पट्टी रुंद होत होती. तिथे आत कुणी मागचं सोडतंय, पुढचं धरतंय, आणि आपण मध्ये कडमडत नाही, याचं मला विलक्षण सुख वाटायचं. हे सुख सांगायला कुणी नव्हतं. एकदा भाजीवाल्याला सांगितलं. तो "सारुं, सारुं" म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्याच दिवसांत एका सकाळी खाली टेम्पो लागला. साड्यांचे पोटले असतील असं वाटलं, पण आवाज निराळा होता. गॅलरीतून पाहिलं तर कपाट दोरीने बांधत होते. खालच्या बाईंच्या मुलाला कोसाडच्या सरकारी वसाहतीत घर मिळणार असं मी ऐकून होते. ते मिळालं होतं. गाद्या गेल्या, डबे गेले, पाण्याचं पिंप गेलं. खालच्या बाई शेवटी आल्या, टेम्पोत पुढे बसण्याआधी त्यांनी मान वर केली. मी वाळत घातलेल्या चादरीच्या मागे उभी होते. तशीच उभी राहिले. टेम्पो गेल्यावर ओट्यावर पाहिलं, तर कडेच्या फटीत अजून रंगीत धागे अडकलेले होते. मी आत आले आणि खूप वेळ रडले. नवऱ्याच्या वेळी माणसं जमलेली होती, तेव्हा इतकं मनासारखं रडता आलं नव्हतं.

जखम मिटली ती असंच एका ड्रेसिंगला. ड्रेसिंगवाल्या भावाने पट्टी सोडली आणि डॉक्टरलाच बोलावून आणलं. दोन्ही कडा भेटल्या होत्या. जिथे भेटल्या तिथे एक बारीक गुलाबी रेघ होती. डॉक्टरने सांगितलं की झाकून ठेवा, घासू नका. वरून मिटली तरी या कातडीची खाली पकड बसायला अजून महिने जातील, तोवर जरा घासलं तरी ती सुटून येईल. मला ते ठाऊक होतं, पण या वेळी त्याने पूर्ण सांगितलं म्हणून मला तो आवडला.

"बस, मासी. हवे आववानी जरूर नथी," तो म्हणाला.

आता यायची गरज नाही. मी पर्स उचलली. दर दोन दिवसांनी इथे कुणीतरी माझा पाय हातात घेत होतं, तेही आता संपलं, असं काहीतरी वाईट मनात येऊन गेलं.

मी दारापर्यंत गेले तेव्हा तो मागून बोलला. "अने तमारां बेनने कही देजो, हवे रोकावा आववुं नहीं पडे."

तुमच्या बहिणीला सांगा, आता राहायला यावं लागणार नाही.

"मला बहीण नाही," मी म्हणाले. मराठीतच.

तो गोंधळला. मग त्याने ड्रेसिंगवाल्या भावाकडे बघितलं आणि दोघांनी मिळून सांगितलं. एक बाई आल्या होत्या, मधूनमधून यायच्या. हिरवी साडी, कपाळावर गोंदलेलं. हिंदीही धड येत नव्हतं. डिंडोलीच्या बाईंची बहीण म्हणाल्या. ऑपरेशन ठरलं की मला फोन करा, मी राहीन सोबत, असं सांगून सुनेचा नंबर देऊन गेल्या. आणि दर वेळी एकच सांगायच्या, म्हणून तो भाऊ हसत होता.

"बोलती थी, मासी की चमड़ी मत काटो, उनको शक्कर है, भरेगा नहीं. मेरी ले लो. मेरी मोटी है."

मी उंबऱ्यावरच बसले. त्यांना वाटलं चक्कर आली, पाणी आणलं. दुसऱ्याची कातडी लागत नाही हे मी मुलांना शिकवलेलं नसलं तरी मला माहीत होतं. काही दिवस धरते, मग अंग तिला परकं म्हणून टाकून देतं. हे त्या बाईला कुणी सांगितलं असेल का, आणि सांगितल्यावर ती काय म्हणाली असेल, असं काहीतरी डोक्यात फिरत राहिलं. मी महिनाभर दार लावून, मोजा चढवून, ढीगभर लसूण सोलून जे विचारायचं टाळलं, त्याचं उत्तर या बाईने इथे येऊन कधीच देऊन ठेवलं होतं.

ओट्यावरच्या बायकांनी पत्ता सांगितला. कोसाड काही परदेश नाही, पण डिंडोलीहून निघालं की तापी ओलांडायची, रिक्षा बदलायची. सगळ्या रस्त्याने मी पाय पुढच्या सीटला घासणार नाही असा धरून बसले होते. त्या वसाहतीत सगळ्या इमारती सारख्याच. विचारत विचारत जिना चढले. दार सुनेने उघडलं. मला बघून ती काही बोलणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"कोन शे?"

दारात उभी राहून मी बोलले. ज्या वाक्यासाठी आरशासमोर जीभ उचलली नव्हती, त्याच्या जवळपासचंच हे होतं. "बहीण आलीय म्हणून सांग."

आत कात्रीचा आवाज थांबला.

"माले बहीन नही शे," आतून उत्तर आलं.

"मग मांडीची कातडी कुणाला देत होता?" मी विचारलं.

त्या बाहेर आल्या. पदराला निळे धागे चिकटलेले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, त्यांची नजर खाली होती.

"पाय दखाडा."

मी साडी वर घेतली, पट्टी सोडून दाखवली. त्या खाली बसल्या. बसताना त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून ठेवलं, आणि तशाच वाकून वरच्या कडेकडे बघत राहिल्या. सून म्हणाली, भरली की छान. मी म्हणाले, भरली, पण आतून पकड बसायला अजून महिने लागतील म्हणतात.

"मंग बठा ना," त्या म्हणाल्या. "घाई कोनले शे?"